सरहद्दीचा कायदा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



‘हद्द’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. शेताला हद्द असते, पोलीस ठाण्याला हद्द असते. कुणी फारच केले तर आपण ‘हद्द झाली’ म्हणतो आणि गुंडाला जिल्ह्याबाहेर काढले की तो ‘हद्दपार’ होतो. अरबीतल्या या ‘हद्द’च्या मागे फारसीतला ‘सर’ लागला, म्हणजे डोके किंवा टोक, की ‘सरहद्द’ होते. आपल्या लहानपणी शाळेच्या पुस्तकात ‘सरहद्द गांधी’ म्हणून एका उंच माणसाचे चित्र असे. त्या चित्राखालच्या चार ओळींपलीकडे सरहद्दीवर नेमके काय घडले होते, हे बहुतेकांना कुणी सांगितले नाही. त्यामुळे पठाण म्हटला की आपल्याला ‘पठाणी व्याज’ आठवते, पगाराच्या दिवशी मुंबईच्या गिरणीच्या दारावर काठी घेऊन उभा असलेला सावकार आठवतो. तोही खरा होता. पण १९३० साली पेशावरच्या रस्त्यावर छातीवर गोळ्या घेणारा निःशस्त्र पठाणही तितकाच खरा होता. आज त्याच्याविषयी, आणि त्याच्यापुढे इंग्रज सरकारची कशी धांदल उडाली त्याविषयी बोलायचे आहे.

आधी मुलूख समजून घेऊ. १८९३ साली ड्युरँड साहेबाने अफगाणिस्तानच्या अमिराबरोबर करार करून डोंगरांतून एक रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे अफगाणिस्तान, अलीकडे हिंदुस्थान. पण अलीकडे म्हणजे लगेच इंग्रजांचे राज्य नव्हे. मध्ये टोळ्यांचा पट्टा होता: आफ्रिदी, मोहमंद, ओरकझाई, वझीर, महसूद. तिथे इंग्रजांचा कायदा चालत नसे, सारा वसूल होत नसे. मैदानातले लोक त्या पट्ट्याला ‘इलाका-ए-गैर’ म्हणत. गैरहजर, गैरवाजवी, गैरसमज यांतला हा ‘गैर’. त्या पट्ट्याच्या अलीकडे पेशावर, कोहाट, बन्नू, डेरा इस्माईल खान आणि हजारा हे पाच जिल्हे. १९०१ साली लॉर्ड कर्झनने ते पंजाबातून काढले आणि वायव्य सरहद्द प्रांत बनवला. म्हणजे एकाच पठाणी समाजातून दोन रेघा गेल्या. मामा एका बाजूला, भाचा दुसऱ्या बाजूला. लग्ने दोन्हीकडून होत, वैरेही दोन्हीकडून चालत.

त्याच १९०१ साली या प्रांतासाठी एक कायदा पक्का करण्यात आला. त्याचे इंग्रजी नाव फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन. आपण त्याला सरहद्दीचा कायदा म्हणू. तो नीट पाहिला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यातून निघते. या कायद्याने डेप्युटी कमिशनरला गुन्ह्याचा खटला नेहमीच्या कोर्टातून काढून जिरग्याकडे सोपवता येई. जिरगा म्हणजे पठाणांची पंचायत. वरवर पाहता हा स्थानिक रिवाजाचा मानच. मात्र हे पंच निवडायचे डेप्युटी कमिशनरने आणि त्यांचा निवाडा मानायचा की नाही हेही त्यानेच ठरवायचे. वकील नाही, वरच्या कोर्टात अपील नाही. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी सबंध गावाला दंड करता येई. टोळीतल्या कुणी आगळीक केली तर त्या टोळीच्या दिसेल त्या माणसाला पकडता येई, त्याची गुरे जप्त करता येत. आणि एखादा माणूस शांतता बिघडवील असे वाटले तर त्याच्याकडे जामीन मागायचा, त्याने नाकारला की तीन वर्षे तुरुंग.

१९१९च्या सुधारणा देशभर आल्या, प्रांतोप्रांती निवडणुका झाल्या, आपल्या मुंबई इलाख्यात मंत्री झाले. सरहद्द प्रांताला यातले काही मिळाले नाही. तिथे चीफ कमिशनर हाच राजा. कारण विचारले की उत्तर एकच: सरहद्द आहे. पलीकडे काबूल, त्याच्या पलीकडे रशिया. १९१९च्या मे महिन्यात अफगाणिस्तानशी तिसरे युद्ध झाले होते. १९२९च्या जानेवारीत काबूलचा अमानुल्ला गादीवरून गेला, ऑक्टोबरात नादिरशहा आला. अशा जागी मतपेट्या कसल्या मांडता? सायमन कमिशनच्या १९३०च्या अहवालात या प्रांताबद्दल लिहिताना एक दाखला दिला आहे. दारूगोळ्याच्या कोठारात राहणाऱ्या माणसाला सिगारेट ओढण्याच्या हक्कावर पाणी सोडावेच लागते, अशा अर्थाचा. दाखला चटकदार आहे. कोठारात दारूगोळा आणून कुणी ठेवला, हे मात्र कमिशनला सुचले नाही.

या प्रांतात उतमानझाई नावाच्या गावी १८९० साली अब्दुल गफार खान जन्मले. जमीनदार खानाचा मुलगा. विशीत त्यांनी शाळा काढायला सुरुवात केली. पठाणाला वैर सोडायचे असेल तर त्याच्या मुलाला अक्षर आले पाहिजे, एवढा साधा विचार. शाळा काढणे हा सरहद्दीवर संशयास्पद उद्योग होता आणि त्यापायी ते तुरुंगात गेले. १९२८ साली त्यांनी पश्तू भाषेत ‘पख्तून’ नावाचे मासिक सुरू केले, आणि १९२९च्या अखेरीस खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली. खुदाई खिदमतगार म्हणजे देवाचे सेवक. देवाला सेवेची गरज नाही, त्याने निर्माण केलेल्या माणसांची सेवा म्हणजेच त्याची सेवा, अशी त्यामागची समजूत होती. शपथ घ्यायची: सूड घेणार नाही, हत्यार धरणार नाही, मारहाण सोसेन. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून कुणीतरी ते कातडी कमावणाऱ्याकडच्या विटकरी रंगात बुडवले आणि तोच गणवेश झाला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्यांना ‘लाल डगलेवाले’ म्हटले. सरकारी अधिकाऱ्यांना लाल रंगात मॉस्को दिसले. खेड्यातल्या चांभाराच्या कुंडातला रंग तो!

आता थोडा विचार करा. पठाण बंदूक घेऊन डोंगरातून उतरला तर काय करायचे, हे सरकारला ऐंशी वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. पलटण न्यायची, बुरूज पाडायचे, पीक जाळायचे, मग वाटाघाटी करून भत्ता बांधून द्यायचा. या खेळाचे नियम दोन्ही बाजूंना पाठ होते. हत्यार खाली ठेवून, रांगेत, ढोल वाजवत, दारूच्या दुकानासमोर निरोधन करायला येणारा पठाण त्या नियमांत बसत नव्हता.

१९३०च्या मार्च-एप्रिलमध्ये गांधीजींची दांडीयात्रा झाली. सरहद्दीच्या या कायद्याविरुद्धच्या तक्रारी ऐकायला काँग्रेसने एक समिती पाठवली, तिला २२ एप्रिलला अटकच्या पुलाशीच अडवण्यात आले. तिच्या स्वागताला पेशावर स्टेशनवर जमलेले लोक हात हलवत परतले. दुसऱ्या दिवशी, २३ एप्रिलला, पेशावरात दारूच्या दुकानांवर निरोधन सुरू व्हायचे होते. पहाटेच पुढाऱ्यांची धरपकड झाली. दोघे पुढारी राहिले होते, त्यांना पकडून लॉरीतून नेत असताना लॉरीची हवा गेली. पुढारी म्हणाले, आम्ही आपले आपण ठाण्यावर येतो. लोकांनी त्यांना हार घातले आणि मिरवणुकीने काबुली दरवाजाच्या ठाण्यापर्यंत पोचवले. म्हणजे सरकारच्या कैद्यांना जनतेने वाजतगाजत सरकारच्या स्वाधीन केले! इथपर्यंतचा प्रसंग एखाद्या प्रहसनात शोभेल.

काबुली दरवाजातून आत गेले की किस्सा ख्वानी बाजार लागतो. किस्सा ख्वानी म्हणजे गोष्टी सांगण्याची जागा. मध्य आशियाकडून येणारे व्यापारी इथल्या चहाखान्यांत बसत आणि देशोदेशीच्या कहाण्या रंगवत. त्या बाजारात लोक पांगायच्या बेतात असताना चिलखती मोटारी आल्या आणि गर्दीत घुसल्या. माणसे चाकांखाली गेली. एक लष्करी मोटारसायकलस्वार मारला गेला, एका चिलखती मोटारीला आग लागली. मग गोळीबार सुरू झाला. लोकांचे म्हणणे होते, आमची प्रेते आणि जखमी आम्हाला उचलू द्या, लष्कर मागे घ्या, आम्ही जातो. ते मानले गेले नाही. गोळीबार थांबला, पुन्हा झाला. पुढची रांग पडली की मागची पुढे येई, असे पाहणाऱ्यांनी सांगितले आहे.

किती माणसे मेली? सरकारने सुलेमान आणि पँक्रिज या दोन न्यायमूर्तींची चौकशी समिती नेमली, तिच्यासमोर आकडा आला तो तीसच्या आसपास. काँग्रेसने विठ्ठलभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली वेगळी समिती नेमली. तिला प्रांतात पाऊलही टाकू दिले नाही, म्हणून तिने रावळपिंडीत बसून साक्षी घेतल्या. तिने सव्वाशे मृतांची गणना दिली. सरकारने तो अहवालच जप्त केला. त्याच दिवशी गफार खान पेशावरला यायला निघाले होते, त्यांना वाटेत पकडून त्याच सरहद्दीच्या कायद्याखाली तीन वर्षांची शिक्षा दिली आणि पंजाबातल्या गुजरात शहराच्या तुरुंगात पाठवले. खटला म्हणावा असे फारसे काही झाले नाही. जामीन मागितला, त्यांनी नाकारला, संपले.

आता गढवालींकडे येतो. पेशावरात त्या वेळी रॉयल गढवाल रायफल्सची दुसरी बटालियन होती. पहिल्या महायुद्धात या पलटणीने मोठे नाव कमावले होते, ‘रॉयल’ हा किताब त्यातूनच मिळाला. सारे पहाडी हिंदू. त्यांतला हवालदार चंद्रसिंह भंडारी, ज्याला पुढे देश ‘गढवाली’ म्हणून ओळखू लागला, फ्रान्स आणि मेसोपोटेमियात लढून आलेला होता. मुसलमान गर्दीवर हिंदू शिपाई सोडायचा, हिंदू गर्दीवर मुसलमान, हा सरकारचा जुना हिशेब. इथले मुसलमान हिंदूंना छळतात, त्यांची दुकाने लुटतात, म्हणून तुम्हाला बोलावले आहे, असे आम्हाला पढवले गेले, हे चंद्रसिंहांनी नंतर सांगितले. शिपाई काही आंधळे नव्हते. बाजारात त्यांना दिसत होते ते वेगळेच होते. ऐन गर्दीसमोर चंद्रसिंहांनी ‘गढवाली, गोळी चालवू नका’ अशी हाक दिली, अशी आठवण लोकांनी जपली आहे. सरकारी कागदांत ठळक आहे तो त्यानंतरचा दिवस. २४ एप्रिलला शहरात जाण्यासाठी गाड्यांत बसा, असा हुकूम सुटला आणि गढवालींच्या दोन तुकड्यांनी तो मानला नाही. आम्ही आमच्या निःशस्त्र भावांवर गोळी झाडणार नाही, असे त्यांचे म्हणणे. बंड म्हणावे तर त्यांनी एकाही अधिकाऱ्याच्या अंगाला हात लावला नाही. हत्यारे मागितली, ती त्यांनी देऊन टाकली.

किस्सा ख्वानीतल्या गर्दीपेक्षा या बातमीने सिमल्यापासून लंडनपर्यंत जास्त कापरे भरले. १८५७ची आठवण होतीच. इंग्रजी राज्याची खरी सरहद्द ड्युरँड रेषेवर नव्हती. हुकूम देणारा साहेब आणि बंदुकीचा चाप यांच्यामधले जे वीतभर अंतर, तिथे ती होती. पहाडी हिंदूने पठाण मुसलमानाला भाऊ म्हटले आणि ती सरहद्द गेली.

त्यानंतर जे झाले ते आजही नवल वाटावे असे आहे. सरकारने लष्कर शहरातून काढून घेतले. चीफ कमिशनर बोल्टन यांना पद सोडून जावे लागले, त्यांच्या जागी दुसरे आले. २५ एप्रिलपासून ४ मेपर्यंत पेशावर शहरावर इंग्रजांचा अंमल जवळजवळ उरला नाही. काँग्रेसचे आणि खिलाफतीचे स्वयंसेवक वेशींवर पहारा देत, बाजारात व्यवस्था ठेवत. ज्या शहराला दारूगोळ्याचे कोठार म्हटले गेले, त्यात दहा दिवस इंग्रज शिपाई नव्हता आणि स्फोट झाला नाही. ४ मेच्या रात्री लष्कर पुन्हा आत शिरले. संघटना बेकायदा ठरल्या. १३ मे रोजी उतमानझाईला वेढा पडला, खिदमतगारांची कचेरी जाळली, माणसांच्या अंगावरचे लाल सदरे उतरवले. हा सदरे उतरवण्याचा प्रकार गावोगाव चालला. पठाणाला चारचौघांत उघडे करणे म्हणजे काय, हे करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. हत्यार धरायला लावण्याचा तो एक मार्ग होता. एकदा त्याने हत्यार धरले की जुने नियम लागू.

३१ मेची एक हकीकत सांगतो. सरकारी नोकरीतला एक शीख गृहस्थ बायकामुलांसह टांग्यातून काबुली दरवाजाजवळून चालला होता. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाची बंदूक उडाली. अपघात, असे लष्कराने सांगितले, आणि तो असेलही. दोन लहान मुले जागीच गेली, आई जखमी झाली. त्या दोन शीख मुलांची अंत्ययात्रा पेशावरच्या मुसलमानांनी खांद्यावर घेतली. हजारो लोक मागे होते. त्या अंत्ययात्रेवर गोळीबार झाला. त्याला मात्र अपघात म्हणता आले नाही.

सरहद्दीच्या पलीकडे ही वार्ता पोचणारच होती. टोळ्यांची माणसे रोज पेशावरात येजा करत, लाकूड विकत, मीठ-कापड नेत. जूनच्या सुरुवातीला आफ्रिदींचे लष्कर डोंगरातून उतरून पेशावरजवळ आले. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा आले, फळबागांत आणि ओढ्यांत दडून राहिले, छावणीच्या कोठारावर चालून गेले. उत्तरेकडे मोहमंद तुरंगझईच्या हाजीसाहेबांच्या मागे गोळा झाले. हे लोक खिदमतगार नव्हते, त्यांच्या हाती बंदुका होत्या. पण त्यांच्या मागण्या पाहा: राजकीय कैद्यांना सोडा. आपापसात पिढ्यान् पिढ्या वैर चालवणाऱ्या टोळ्या मैदानातल्या कैद्यांसाठी बोलू लागल्या. अधिकाऱ्यांना सर्वांत जास्त खटकले ते असे की वाटेतल्या खेड्यांनी या आफ्रिदींना अडवले नाही. उलट भाकरी दिली, आसरा दिला. नेहमी टोळीवाला उतरला की खेडे आपल्या बचावासाठी सरकारकडे धावे. या वेळी धावले नाही.

सरकारचे उत्तर दोन प्रकारचे होते. डोंगरात विमाने गेली. १९२५ साली वझिरिस्तानात केवळ विमानांच्या बळावर एक सबंध मोहीम झाली होती, तेव्हापासून हा स्वस्त आणि सोयीचा मार्ग ठरला होता. आधी पत्रके टाकायची की अमुक दिवसापर्यंत गाव सोडा, मग बाँब टाकायचे. १९३०च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मोहमंद आणि आफ्रिदींच्या मुलखावर असे उदंड बाँब पडले. इथे थोडे विषयांतर करतो. पुढे १९३३ साली जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत विमानातून बाँब टाकण्यावर जगभर बंदी घालण्याचा विषय निघाला, तेव्हा ब्रिटनच्या मसुद्यात एक अपवाद होता: दूरच्या मुलखांत पोलिसी कामासाठी लागणारे बाँब सोडून. लंडनवर पडला तर तो रानटीपणा, मोहमंदांच्या गावावर पडला तर पोलिसी काम. सात वर्षांनी लंडनवर पडलेच.

मैदानात ऑगस्टच्या मध्यावर पेशावर जिल्ह्याला लष्करी कायदा लावण्यात आला. तो जानेवारी १९३१ पर्यंत होता. ऑक्टोबरपासून फौजांनी खजुरीचे मैदान ताब्यात घेतले आणि तिथे रस्ते आणि ठाणी बांधायला घेतली. या मैदानात आफ्रिदी थंडीच्या दिवसांत आपली गुरे-मेंढरे घेऊन उतरतात. ज्यांच्यावर पूर्वी एका मोसमाची मोहीम व्हायची, त्यांचे हिवाळ्याचे घरच गेले.

या लष्करी कायद्याची गोष्ट ऐकताना मी जरा अडखळतो, कारण मी सोलापूरचा. आमच्या दादीच्या बोलण्यात वर्षांचे आकडे नसत. अमका ‘मार्शल लॉच्या साली’ जन्मला, तमकीचे लग्न ‘मार्शल लॉच्या आदल्या साली’, असे ती सांगे. तो मार्शल लॉही १९३०चाच. गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळली, पोलीस मारले गेले. साहेब लोक शहर सोडून गेले आणि तीन-चार दिवस कारभार स्वयंसेवकांनी पाहिला. १२ मे रोजी लष्करी कायदा आला, तो ३० जूनपर्यंत राहिला. झेंडा धरला म्हणून, गांधी टोपी घातली म्हणून माणसे तुरुंगात गेली. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन विशीतला तरुण, कामगारांत काम करणारा, ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवणारा. शहरात चौघांचे पुतळे एकत्र उभे आहेत आणि पुरावा कच्चा होता, असे सोलापूर आजही मानते.

पेशावर आणि सोलापूर यांत दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर. इथे आफ्रिदी नव्हते, काबूल नव्हते, रशिया तर नव्हताच. तरी सारे त्याच क्रमाने झाले: अटक, गर्दी, गोळीबार, साहेबांचे निघून जाणे, लोकांचा कारभार, मग लष्कर. तेव्हा सरहद्दीवर कठोर वागावे लागते कारण ती सरहद्द आहे, हे म्हणणे मला पटत नाही. सरहद्द ही सांगायची सबब होती. ती पेशावरात हाताशी होती म्हणून वापरली. सोलापुरात नव्हती, तर तिच्यावाचूनही अडले नाही.

दडपशाहीबरोबर सरकारने दुसरा हातही पुढे केला, हे नमूद केले पाहिजे. तीस वर्षे ‘सरहद्द आहे’ म्हणून जे नाकारले, ते दोन वर्षांत द्यावे लागले. एप्रिल १९३२ मध्ये सरहद्द प्रांताला गव्हर्नर मिळाला, विधिमंडळ मिळाले. मिळाले तेव्हा गफार खान आणि त्यांचे हजारो सोबती पुन्हा तुरुंगातच होते, डिसेंबर १९३१च्या धरपकडीत गेलेले. दारूगोळ्याच्या कोठारात सिगारेट पेटवायची परवानगी मिळाली, फक्त ओढणारे कोंडून ठेवले होते.

आणि गढवाली? त्यांच्यावर अबोटाबादला लष्करी न्यायालय बसले. चंद्रसिंहांना जन्मठेप, बाकीच्यांना लहानमोठ्या मुदतींच्या शिक्षा. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, राजकीय कैदी सुटले, गफार खानही सुटले. हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेले शिपाई आणि पोलीस या माफीत येणार नाहीत, असे करारात स्पष्ट लिहिले होते. गोलमेज परिषदेच्या निमित्ताने गांधीजी युरोपात असताना एका फ्रेंच पत्रकाराने त्यांना याविषयी छेडले. गांधीजींचे उत्तर थोडक्यात असे: शिपायाने हुकूम मोडणे म्हणजे शपथ मोडणे. उद्या राज्य आमच्या हाती येईल तेव्हा याच शिपायांकडून मला काम घ्यायचे आहे, त्यांना आज हुकूम मोडायला मी शिकवणार नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे. मला ते कधीच पचलेले नाही. निःशस्त्र माणसावर गोळी न झाडण्यापेक्षा मोठी अहिंसा बंदूक हातात असलेल्या माणसाला आणखी कोणती करता येते? खिदमतगारांनी हत्यार घरी ठेवले होते. गढवालींनी ते हातात असताना चालवले नाही. चंद्रसिंह अकरा वर्षांनी, १९४१ साली सुटले.

खिदमतगारांनी १९३० नंतर मदतीसाठी मुस्लिम पुढाऱ्यांची दारे ठोठावली होती. तिथे थंड स्वागत झाले म्हणून ते काँग्रेसकडे आले आणि शेवटपर्यंत राहिले. १९३७ साली प्रांतात गफार खानांचे थोरले भाऊ डॉक्टर खानसाहेब यांचे मंत्रिमंडळ आले. मग १९४७ आले आणि फाळणी झाली. तिच्याबद्दल बादशाह खान काय म्हणाले, हे आपण वाचलेले असते, इथे सांगत नाही. त्यानंतरचे थोडे सांगतो, कारण ते आपल्याकडे कमी माहीत आहे. इंग्रज गेले, झेंडा बदलला, सरकार मुसलमानांचे आले. जून १९४८ मध्ये त्या सरकारने गफार खानांना पकडले. जामीन मागितला, त्यांनी नाकारला. त्याच सरहद्दीच्या कायद्याचे तेच कलम, आणि शिक्षा तीच, तीन वर्षे. दोन महिन्यांनी, १२ ऑगस्टला, चारसद्द्याजवळ बाबडा इथे खिदमतगारांच्या मेळाव्यावर गोळीबार झाला. मृतांचे आकडे याही वेळी दोन आहेत, सरकारचा वेगळा आणि लोकांचा वेगळा, आणि दोहोंतले अंतर पेशावरच्या वेळेपेक्षा फार मोठे आहे.

१९०१चा तो कायदा टोळ्यांच्या पट्ट्यात पुढेही चालूच राहिला. एकाच्या गुन्ह्यासाठी सबंध टोळीला दंड, वकील नाही, वरचे कोर्ट नाही, सारे तसेच. सरहद्द आहे, हे कारणही तेच. मे २०१८ मध्ये पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून तो पट्टा खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन केला, तेव्हा हा कायदा गेला. बादशाह खानांना जलालाबादेत मातीआड करून तोवर तीस वर्षे झाली होती.